पुस्तकातला संकासूर

आंबेकोंडच्या वाडीत ते पुस्तक आलं तेच मुळी पुराचा चिखल अंगावर घेऊन. महाडातल्या एका जुन्या वाचनालयाची कपाटं आवरायला काढली होती आणि भिजून फुगलेली पुस्तकं रद्दीत जाणार होती. बुद्धरत्न गुरुजी नेमके त्याच वेळी तिथे टपकले. एक पोतं भरून पुस्तकं त्यांनी स्कूटरवर घातली आणि पोलादपूरवरून, उमरठचा फाटा मागे टाकून, वर वाडीत आणली. गुरुजी मूळ महाडचे. वाडीच्या शाळेत ते एकटेच मास्तर. घंटा तेच द्यायचे आणि खिचडीत मीठ कमी पडलं का तेही तेच बघायचे.

पोत्यातली निम्मी पुस्तकं उघडेचनात. एक मात्र उघडलं. पुठ्ठा गेलेला, शेवटची पानं गेलेली, किंमत आण्यांत छापलेली. नाव ‘धुक्यामागचा मुलूख’. मुलांसाठी जादूच्या देशाच्या अशा लांबलचक गोष्टी आपल्याकडे लिहायला लागले, त्या अगदी सुरुवातीच्या काळातलं हे असावं, असं गुरुजी म्हणाले. दर दोन पानांआड बारीक काळ्या रेघांचं चित्र. पहिल्याच मोठ्या चित्रात डोंगराच्या खिंडीत एक दरवाजा आणि दरवाजात उभा तो: काळा पायघोळ अंगरखा, डोक्यावर हातभर उंच टोकदार टोपी, कमरेला पट्टा, छातीपर्यंत दाढी.

“संकासूर!” सगळी शाळा एकदम ओरडली.

आता शिमग्यात पालखीच्या पुढे नाचणारा, पोरांना पळता भुई थोडी करणारा संकासूर ज्यांनी पाहिलाय त्यांना या चित्रात दुसरं काही दिसणं शक्यच नव्हतं. गुरुजी समजवायला गेले. “अरे, हा त्या जादूच्या देशाचा द्वारपाल आहे. लिहिणारा असेल पुण्याचा, चित्रं काढणारा मुंबईचा. त्यांनी तुमचा संकासूर जन्मात पाहिला नसेल.”

“मंग टोपी कशी जमली, गुरुजी?” एका पोराने विचारलं. गुरुजींना डीएडला याचं उत्तर शिकवलेलं नव्हतं.

ठमाबाईला ही बातमी तिच्या नातीने दिली. सोनाली तिसरीत होती. तिचे आईबाप बिरवाडीत खोली घेऊन राहायचे, बाप दीपेश कारखान्यात पाळीवर, म्हणून पोर आजीजवळ वाडीत. ती दप्तर फेकून धावत आली ती ओरडतच, “आजी, गुरुजींच्या पुस्तकात आजा छापलाय!”

आजा म्हणजे भिकाजी, ठमाबाईचा नवरा. गेल्या पावसाळ्यात तो वारला होता. वाडीत संकासूर म्हणजे भिकाजी आणि भिकाजी म्हणजे संकासूर, हे इतकी वर्षं चालत आलेलं की लहान पोरं त्याला शिमगा नसतानाही वाटेत बघून पळायची. ठमाबाईने तव्यावरची भाकरी तशीच टाकली आणि शाळेकडे निघाली. भाकरी करपली ती करपलीच.

चित्रावर तिने बोट ठेवलं ते बराच वेळ उचललं नाही. टोपीत वेताची कांब घालून ती ताठ केलेली असावी, अगदी तशीच उभी होती. अंगरख्याचा घेर तोच. “आमच्या ह्यांना नाचताना बघूनच कोणी काढलाय,” ती म्हणाली. पुस्तक भिकाजीच्या जन्माच्या आधीचं आहे, हे गुरुजींच्या अगदी ओठावर आलं होतं. पण तिचं तोंड बघून शहाण्या माणसाने ते गिळून टाकलं.

मग दर शनिवारी शाळा सुटायच्या आधी गुरुजी ते पुस्तक वाचायचे आणि ठमाबाई सुपात तांदूळ घेऊन शाळेच्या दारात निवडत बसायची. ती चौथीपर्यंत शिकलेली. बोट फिरवत वाचता यायचं, पण ऐकण्यात तिला जास्त गोडी. गोष्ट होती दोन भावंडांची. त्यांचं बकरीचं करडू धुक्यात हरवतं, ती शोधत शोधत खिंडीपर्यंत जातात आणि त्या काळ्या द्वारपालाच्या दारातून पलीकडच्या मुलखात शिरतात. तिथे ओढे डोंगर चढतात. तिथली माणसं झोपताना आपापली सावली खुंटीला टांगून ठेवतात. करडू तिथे राजाच्या मांडीवर बसून गाणी म्हणत असतं. पोरं पोट धरून हसायची आणि ठमाबाईच्या सुपातले खडे तांदळातच राहायचे.

पुढे मात्र गोष्ट तापत गेली. बाहेरची पोरं आत येतात, आतली बाहेर जातात, हे त्या राजाला खुपायला लागतं. तो हुकूम सोडतो, दार बंद करा. सोन्याचं भलंमोठं कुलूप द्वारपालाकडे येतं. सगळ्यात सुंदर चित्र तेच: कड्याच्या टोकावर उभा राहून द्वारपाल ते कुलूप खाली दरीत फेकतोय, टोपी वाऱ्यावर वाकलेली. आणि त्यापुढे पानंच नव्हती.

“मंग राजानं काय केलं?” पोरं गुरुजींच्या जिवावर उठली. गुरुजींनी महाडात चार ठिकाणी चौकशी केली, पण दुसरी प्रत कुणाकडे नव्हती.

“काय करतोय?” दारातून ठमाबाई म्हणाली. “कुलूप गेला दरीत. बसला आसल बोंबलत.”

होळीला पंधरवडा राहिला तसा वाडीत खरा प्रश्न निघाला. संकासुराचा मान ठमाबाईच्या घराचा. म्हणजे त्या घराने दर शिमग्याला एक माणूस द्यायचा, त्याने अंगरखा चढवून पालखीपुढे नाचायचं आणि पालखी ज्या ज्या घरी जाईल त्या दारात आधी त्याने जायचं. एका शिमग्याला जरी घराने माणूस दिला नाही तरी मान दुसऱ्या घरात जातो आणि एकदा गेला की परत येत नाही. माणूस म्हणजे अर्थात बाप्या. तसं कुणी कधी म्हटलं नव्हतं, कारण तसं म्हणायची वेळच आली नव्हती.

ठमाबाईने दीपेशला फोन लावला.

“आये, माझी पाळी हाय त्या दिवशी. आणि मला नाचता कुठं येतंय? सोड ना आता. कोण बघतोय असला?”

“मी बघतेय ना,” ठमाबाई म्हणाली आणि फोन ठेवला. रागाने ठेवला असं सोनालीला वाटलं. पण खरं सांगायचं तर तो ‘येतो’ म्हणाला असता तर ठमाबाईला मनातून वाईटच वाटलं असतं. लग्न होऊन ती या वाडीत आली त्या पहिल्या शिमग्यात, दाराआडून तिने संकासूर पाहिला होता आणि तिच्या पायांना तेव्हापासून जी हुळहुळ लागली ती लागलीच. अंगरखा तिने शिवला, फाटला तेव्हा पुन्हा तिनेच शिवला. टोपी तिची, तोंडावर ओढायचं काळं कापड तिचं, दाढी तिची. घुंगरांचा पट्टा ती चिंचेने घासायची. बाप्यांच्या हातात तयार ताट द्यायचं आणि आपण चुलीपुढे बसायचं, तसं इतकी वर्षं चाललं होतं. घराचा मान टिकवायचा, हे सगळं लोकांना सांगायला ठीक होतं. तिला स्वतःला नाचायचं होतं. तिने ट्रंक उघडून अंगरखा उन्हात घातला, मग भर दुपारी दार न लावताच अंगावर चढवला आणि अंगणात एक गिरकी घेतली.

सोनाली किंचाळून तुळशीमागे लपली. मग डोकं बाहेर काढून म्हणाली, “आजी, तूच कर की गो!”

“करतेच हाय,” ठमाबाई म्हणाली.

गावकीची बैठक देवळात बसली. बायका गावकीत बसत नाहीत, पायरीखाली उभ्या राहून ऐकतात. ठमाबाई पायरी चढून आत आली आणि खांबाला टेकून बसली. चांगू गावकार, वाडीचा म्होरक्या, चुलत नात्याने तिचा दीर. चांगू वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर भांडायला सोपं गेलं असतं. भिकाजीच्या आजारात रात्रीबेरात्री डोली उचलायला तोच पुढे होता. पण परंपरा म्हटलं की त्याच्या डोक्यात दुसरं काही शिरायचं नाही.

शिवाय त्याच्यासमोर पुरावा होता. पुस्तकाची कीर्ती एव्हाना मुंबईपर्यंत गेली होती. आपला संकासूर शंभर वर्षांपूर्वीच छापून आलाय म्हणून वाडीच्या मुंबई मंडळाच्या ग्रुपवर त्या चित्राचा फोटो फिरत होता आणि त्याखाली हात जोडलेल्यांची रांग लागली होती. बैठकीला चांगूने गुरुजींकडून पुस्तक मागवून घेतलं, पाटावर ठेवलं, आणि कुणीतरी त्याला हळदकुंकूही वाहिलं. गुरुजी बिचारे ते बघत राहिले. करडू गाणं म्हणतं त्या पानावर हळद सांडली होती.

“वयनी, छापील हाय म्हणून सांगतोय,” चांगू म्हणाला. “ही बघ दाढी. दाढी म्हंजे बाप्या.”

“ती दाढी बोकडाच्या केसांची हाय, भावजी. मी शिवलीय. आमच्या ह्यांना जन्मात मिशी पण धड फुटली नाय.”

पायरीखालच्या बायका हसल्या. एकदोन बाप्येही हसले आणि चांगूने वळून बघितल्यावर खोकले.

“गुरुजी, तुम्ही सांगा. पुस्तकात टोपीखाली कोण निघतोय शेवटाला?”

“शेवटची पानं नाहीत हो,” गुरुजी म्हणाले. “आणि खरं सांगू का, हा संकासूर नाहीच. ही एक गोष्ट आहे. मुलांची.”

“ते सोडा. पानां नाय म्हंजे बाप्या नाय असा कुठं सिद्ध झाला?”

“बाय नाय असा तरी कुठं झाला?” ठमाबाई म्हणाली.

मुंबई मंडळाचे अध्यक्ष फोनवर होते, फोन स्पीकरवर होता. “वहिनी, तुम्ही इमोशनल होऊ नका. ट्रॅडिशन पण मेन्टेन केली पाहिजे ना. चंदू करेल या टायमाला. आपण पुस्तकातला फोटो दाखवून त्याच्यासाठी नवीन ड्रेस बनवून पाठवतोय, एकदम परफेक्ट. मंडळातर्फे.”

चंदू म्हणजे चांगूचा पुतण्या. तो मागे भिंतीला चिकटून बसला होता आणि आपलं नाव ऐकून अजूनच चिकटला.

चांगूने घसा साफ केला. “ठरला तर. मान चंदूच्या घरात. आणि वयनी, तू जर का हट्टानं अंगरखा घालून निघालीस, तर ढोल वाजणार नाय. तुझ्या दारात पालखी येणार नाय. कोण तुला दार उघडणार नाय.”

गुरुजी उभे राहिले. त्यांना गावकीत बोलायचा अधिकार नव्हता. “चांगूदादा, वाळीत टाकणं गुन्हा आहे.”

“वाळीत कोण म्हणतोय? आमची दारां हायत, आम्ही लावू.”

“मी महाडचा आहे, दादा,” गुरुजी म्हणाले. “अमक्याने इथे यायचं नाही, हे ऐकून घ्यायची सवय आमच्या घरात नाही.” एवढं बोलून ते पाटावरचं पुस्तक उचलून, हळद फुंकून, निघून गेले.

ठमाबाईला रडू येत होतं. ते तिने गिळलं नाही, पदराने सरळ पुसलं आणि म्हणाली, “दारां लावा. मला नाचायला दार लागत नाय, भुई लागते. आणि भुई काय तुमच्या एकट्याच्या बापाची नाय.”

शिमग्याच्या दिवशी दुपार कलली तसा सहाणेवर ढोल घुमला. सहाण म्हणजे पालखी टेकवायचा दगडी चौथरा. तिथे मुंबईहून आलेली माणसं पांढऱ्या टोप्या घालून जमली होती. आणि चंदू नव्या ड्रेसमध्ये बाहेर आला.

दादरच्या दुकानदाराला मंडळाने पुस्तकातल्या चित्राचा फोटो पाठवला होता. दुकानदाराने बिचाऱ्याने संकासूर कशाला बघितला असेल? त्याने जादूगार ओळखला आणि जादूगारच शिवला. चकचकीत काळं साटीन, त्यावर चंदेरी चांदण्या आणि चंद्रकोरी, टोपीच्या टोकाला गोंडा, दाढी पांढरीशुभ्र, कानाला रबराने अडकवायची. हातात टोकाला तारा असलेली काठीसुद्धा होती. घुंगरांचा पट्टा मात्र नव्हता, कारण पुस्तकातलं चित्र वाजत नव्हतं.

“भारी दिसतोय!” मुंबईची पोरं म्हणाली आणि त्याच्याबरोबर सेल्फी काढायला धावली. पालखी उचलली गेली. चंदू पुढे निघाला. जीव तोडून उड्या मारत होता, पण एकही पोर पळेना. उलट पोरं त्याच्या चांदण्या मोजायला जवळ येत होती. चंदूचा यात काय दोष, तो घामाने निथळत होता.

ठमाबाई वाडीच्या दुसऱ्या टोकाहून निघाली. ढोल नाही, पालखी नाही, सोबत एकटी सोनाली. पहिलं दार लावलेलं होतं. ती दारात नाचली. पट्टा वाजत राहिला, दार उघडलं नाही. दुसरं दार तिच्या डोळ्यांदेखत लागलं, आणि ते घर तिच्या सख्ख्या नणंदेचं. मुखवट्याच्या काळ्या कापडाआड तिचे डोळे भरून आले. घाम कुठला आणि पाणी कुठलं ते तिलाही कळेना. परत फिरावं असं एकदा मनात आलं. अंगरखा भिजून जड झाला होता आणि गुडघे काही नव्या नवरीचे नव्हते.

“आजी, चल,” सोनाली म्हणाली.

तिसऱ्या दाराशी ती पोचली तेव्हा मागे कुणीतरी किंचाळलं. वळून बघते तर तीनचार पोरं. ती वळली तशी पोरं बोंब मारत दगडी गडग्यावरून पलीकडे पडली. आणि पुन्हा डोकी वर. ती चार पावलं धावली, पोरं चाळीस पावलं पळाली, आणि परत आली. चांदण्यांना कंटाळलेली पोरं एकेक करत पालखी सोडून इकडे यायला लागली. ती अंगावर धावायची, पोरं पळायची, आणि तिला गुडघे आहेत हे ती विसरून गेली. दारं अजून बंदच होती. पण खिडक्यांच्या फटीत डोळे दिसायला लागले.

चांगूच्या अंगणात दोन्ही बाजूंनी दोघे संकासूर एकदमच पोचले. मागून पालखी अंगणात टेकली. चांगूची सून रूपाली पाच महिन्यांचं बाळ घेऊन उंबऱ्यात उभी होती. वाडीची रीत अशी, की वर्षाच्या आतलं बाळ संकासुराच्या पायाशी ठेवायचं. बाळाने त्याला बघून भोकाड पसरलं म्हणजे वर्षभराची भीती, नजर, दृष्ट सगळी त्या रडण्यातून निघून गेली. रडलं नाही तर ती भीती वर्षभर बाळाच्या अंगातच राहते.

रूपालीने बाळ आधी चंदूच्या पायाशी ठेवलं. सासऱ्याचा शब्द होता. चंदू ओरडला, हात हलवले, काठी फिरवली. बाळाने वर बघितलं, चांदणीला हात घातला आणि खदखदून हसलं.

चंदूने पुन्हा एकदा उडी मारली. बाळाला फारच मजा वाटली. त्याने दाढी ओढली, रबर ताणलं आणि दाढी चंदूच्या गालावर फाटदिशी बसली.

रूपालीने बाळ उचललं, सासऱ्याकडे एकदा बघितलं आणि चालत अंगण ओलांडून ठमाबाईच्या पायाशी ठेवलं.

“रूपाली!” चांगू म्हणाला.

“माझा पोर हाय, मामा,” रूपाली म्हणाली. “मला त्याची भीती काढायचीय. कोणाची दाढी कसली, ते तुमचा तुम्ही बघा.”

ठमाबाईने काहीच केलं नाही. नुसती खाली वाकली. टोपीची सावली बाळावर पडली, पट्टा एकदा खुळखुळला. बाळाचा खालचा ओठ बाहेर आला, थरथरला, आणि मग त्याने असं भोकाड पसरलं की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. खिडक्यांतून, पडवीतून, गडग्याआडून बायका हसायला लागल्या. लावलेली दारं उघडली, कुणाकुणाच्या कडेवर बाळं होती. ठमाबाईची नणंदही नातू घेऊन पळत आली, ती नजर चुकवतच.

चंदूने टोपी काढली, गोंड्याने घाम पुसला आणि म्हणाला, “काकी, सुटलो गो मी.”

चांगू अंगणाच्या मधोमध उभा होता. एका हातात मानाचा नारळ, संकासुराला द्यायचा. त्याने रडणाऱ्या नातवाकडे बघितलं, मुंबईच्या पांढऱ्या टोप्यांकडे बघितलं. त्या टोप्या मोबाइल वर धरून ठमाबाईचा व्हिडिओ काढत होत्या. मग तो पुढे आला. आवाज मोठा ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल असा तो म्हणाला, “ठीक हाय वयनी. या सालापुरता चालवून घेतो. पुढल्या साली गावकी बघंल.”

एवढ्यावर कुणीही गप्प बसलं असतं, नारळ घेतला असता, पाया पडून पुढे गेलं असतं. ठमाबाईने मुखवट्याचं कापड वर सारलं. तिचं तोंड लालबुंद झालं होतं.

“चालवून घ्यायला मी काय फाटकी नोट हाय?” ती म्हणाली. “पुढल्या साली पण मीच. त्याच्या पुढल्या साली पण मीच. आणि ज्या साली माझं पाय उठणार नाय, त्या साली ही सोनाली. गावकीला आता बघायचा असंल तं बघा, बसल्या जागी.”

चांगूच्या हातातला नारळ तिने स्वतःच घेतला, सोनालीच्या ओंजळीत दिला, कापड तोंडावर ओढलं आणि अंगणाबाहेर पडली. ढोलवाल्याने गावकाराकडे बघितलं. गावकार खाली जमिनीकडे बघत होता. ढोलवाल्याने मग कुणाकडेच न बघता टिपरू उचललं आणि धावत सुटला. ढोल तिच्या मागे पोचला तेव्हा ती पुढच्या घराच्या दारात नाचत होती.